नवऱ्यानं मागवलीय वर्मवुडची बाटली, मी लपवलीय पिठाच्या डब्यामागं

पत्र थोडक्यात असं आहे. कोल्हापुरातल्या एका ताईंची मुलगी 8 वर्षांची, अंगानं बारीक, जेवणाला नखरे, आणि रात्री झोपेत करकर दात खाते. घरातल्या सगळ्यांचं ठरलंय की हिला जंत झालेत. मिस्टरांनी मोबाईलवर कुठंतरी 'पॅरासाईट क्लिन्स'चे, म्हणजे पोटातले जंत काढून टाकायचे, रील बघितले आणि ऑनलाईन एक बाटली मागवली, त्यात वर्मवुड (हे एक कडू झाड), काळ्या अक्रोडाची साल आणि लवंग यांचा अर्क आहे, रोज 15 थेंब पाण्यातनं. त्यांचं म्हणणं, नावातच 'वर्म' म्हणजे जंत आहे, याच झाडाला नोबेल मिळालंय, आणि हा तर आपला जोतिबाचा दवणाच की, चैत्रात आपण डोक्यावरनं वाहून आणतो, त्यानं काय होणार? आत्तींचं (सासूबाईंचं) पण मत, कडू आहे म्हणजे पोट साफ करणारच. आता मामांना (सासऱ्यांना) भूक लागत नाही म्हणून त्यांना पण चालू करायचं चाललंय, आणि मामांना डोक्याला मार लागल्यापासनं फिटची गोळी चालू आहे. ताईंनी नेटवर वाचलं की हे विष आहे, यापासनं केलेल्या दारूवर युरोपात बंदी होती, घाबरून त्यांनी बाटली पिठाच्या डब्यामागं लपवली आणि घरात सांगितलं की हातातनं पडून फुटली. मिस्टरांनी लगेच दुसरी ऑर्डर केली. ताई विचारतात, "मी खोटं बोलले ते चुकलं का? आणि खरंच धोका आहे की मीच जास्त शिकल्यासारखं करतेय?"

ताई, आधी एक सांगतो, मी डॉक्टर नाही, 31 वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलंय, त्यामुळं झाडाबद्दल पोटतिडकीनं बोलीन आणि पोरीच्या पोटाबद्दल तुम्हाला डॉक्टरकडंच पाठवीन.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासनं सुरू करतो. पोरीला हे थेंब देऊ नका आणि मामांना तर अजिबातच नको, यात मला काही शंका नाही. पण तुम्ही ज्या कारणानं घाबरलाय आणि मिस्टर ज्या कारणानं बिनधास्त आहेत, ती दोन्ही कारणं मला पटलेली नाहीत, आणि भांडण मिटायचं असेल तर ते जरा सोडवून बघायला लागेल.

मिस्टरांचा दवण्याचा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तो अर्धा खरा आहे. दवणा आणि वर्मवुड एकाच कुळीतले, आर्टेमिसिया म्हणतात त्या कुळीला, शेकडो जाती आहेत तिच्यात. आपला दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स, चार महिन्यांचं नाजूक पीक, त्याचं तेल अत्तरात जातं, जास्त करून कर्नाटकात पिकतो. संस्कृतात त्याला दमनक म्हणतात आणि चैत्रात देवाला दवणा वाहायची चाल फार जुनी आहे, नुसती वाडी रत्नागिरीवरच, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरच, नाही. वर्मवुड म्हणजे आर्टेमिसिया अ‍ॅबसिंथियम, ते युरोपातलं, आपल्याकडं वर काश्मिरात उगवतं, तिथं तेथवन म्हणतात आणि युनानी हकीम अफसंतीन म्हणतात. आणि ज्याला नोबेल मिळालं ते तिसरंच, आर्टेमिसिया अ‍ॅनुआ, चीनमधलं. तीन वेगळी झाडं, तिन्हीतली द्रव्यं वेगळी. बटाटा, वांगं, टोमॅटो आणि धोतरा एकाच घराण्यातले आहेत, म्हणून कोण धोतऱ्याची भाजी करत नाही.

आणि एक गोष्ट आत्तींनाच विचारा, वाद म्हणून नाही, खरंच विचारा. दवणा आपण देवाला वाहतो, केसात माळतो, कपड्यांच्या घडीत ठेवतो, जोतिबावरनं आणलेली जुडी देव्हाऱ्यात आठवडाभर वास देत असते. पण त्याचा ग्लासभर काढा करून रोज लेकराला पाजलाय असं त्यांच्या माहेरात तरी कुणी केलंय का? मला वाटतं त्या म्हणतील नाही. म्हणजे परंपरा जी आहे ती वासाची आणि भक्तीची आहे, थेंबांची नाही. रीलवाल्यानं तिच्यावर आपली बाटली ठेवलीय इतकंच.

नोबेलचं पण सांगतो, कारण हा मुद्दा घरात परत निघणार. व्हिएतनामच्या लढाईत मलेरियानं माणसं मरायला लागली म्हणून चीननं 1967 साली गुप्त प्रकल्प सुरू केला, 23 मे ला सुरू झाला म्हणून त्याचं नावच 523. त्यात तू यूयू नावाच्या बाईंनी जुनी औषधांची पुस्तकं चाळली, आणि चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या पुस्तकात त्यांना ओळ सापडली की मूठभर झाडपाला पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा. भिजवून! उकळून नाही. तोपर्यंत सगळे काढा करत होते आणि हाताला काही लागत नव्हतं, कारण उष्णतेनं औषधाचा जीव जात होता. मग त्यांनी ईथर वापरलं, ते साधारण 35 अंशालाच उकळतं, आणि त्यातनं माल निघाला, 1972 साली शुद्ध द्रव्य हातात आलं, माणसांना देण्याआधी बाईंनी अर्क स्वतःवर घेऊन बघितला. 2015 च्या नोबेलचा अर्धा वाटा त्याला. पण ते मलेरियाला, जंतांना नाही, आणि त्या झाडाचा नुसता चहा किंवा पावडर मलेरियावर घ्या असं जागतिक आरोग्य संघटना आजही म्हणत नाही, कारण प्रत्येक पाल्यात द्रव्य किती हे सारखं नसतं. मिस्टरांना सांगा, नोबेलच्या गोष्टीतनं काही शिकायचं असेल तर ते हे की झाड कुठलं, काढलं कसं आणि मात्रा किती यावर सगळं उभं राहिलं.

'नावातच वर्म आहे' याची तर गंमतच आहे. जुन्या इंग्रजीत या झाडाचं नाव वेर्मोड होतं, त्याचा जंताशी संबंध होता की नाही हेच पक्कं नाही, पुढं लोकांच्या तोंडी ते फिरत फिरत वर्म आणि वुड असं झालं, आपल्याकडं गावांच्या नावांचं होतं तसंच. त्याच नावाचा जर्मन भाऊ वेर्मुट, आणि त्यावरनं वर्मूथ नावाची वाईन, ती कॉकटेलात घालतात. आता नावावरनंच औषध ठरवायचं तर वर्मूथचा पेग पण जंतावर चालायला पाहिजे.

म्हणून जंतासाठी ते कधी वापरलंच नाही असं मात्र मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. इजिप्तच्या सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या औषधांच्या गुंडाळीत त्याचा उल्लेख सांगतात. रोमन लोक तर या कडू झाडाच्या प्रेमातच होते, चार घोड्यांच्या रथाची शर्यत जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून वर्मवुडचा पेला प्यायला द्यायचे, म्हणजे विचार करा, खासबागेत कुस्ती मारली आणि गदेबरोबर कारल्याचा रस हातात! आरोग्य हेच मोठं बक्षीस असा त्यामागचा अर्थ होता म्हणे. आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा एक रोमन कवी लिहितो की वैद्य लेकरांना वर्मवुड पाजताना पेल्याच्या काठाला मध लावतात, म्हणजे पोरगं मधाला फसून आतलं कडू गिळतं. युरोपात दूध तोडायला आया ते छातीला लावायच्या, आपल्याकडं कडुनिंबाचा पाला वाटून लावतात तसंच. घरोघरची रीत होती ती.

माझ्या आईचं काडेचिराईत होतं. रात्री काचेच्या ग्लासात काड्या भिजत घालायची आणि रविवारी सकाळी नाक दाबून प्यायला लावायची, वर गुळाचा खडा. मी ते कधी मनापासनं प्यायलो नाही, परसातल्या जास्वंदीला बरंच पाजलंय. पण पुढं कॉलेजात लागल्यावर एकदा महाद्वार रोडच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानात विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून चिराईत मागितलं तर पुडीतनं निघालं भलतंच, हिरवं किराईत म्हणजे कालमेघ. तो पण कडू, औषधी पण आहे, पण झाड वेगळं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "सर, दोन्ही कडूच की ओ." तुमच्या घरातलं सगळं भांडण या एका वाक्यात आहे ताई. कडू म्हणजे एकच औषध, एकाच कामाचं, अशी आपली समजूत आहे. जिभेला फक्त कडू कळतं, त्यात काय आहे आणि किती आहे ते कळत नाही. झाडं कडू होतात ती मुळात किडामुंगीनं आणि जनावरानं खाऊ नये म्हणून, आपल्यासाठी नाही. पाडव्याला कडुनिंबाची चार पानं गूळ-मिरं-हिंग घालून खाणं वेगळं आणि एखाद्या झाडाचा काढलेला जहाल अर्क रोज महिनाभर घेणं वेगळं.

आता तुमच्या बाजूला येतो, कारण तुम्ही पण थोडं टोकाला गेलाय. वर्मवुड म्हणजे विष, दारूवर बंदी होती, असं तुम्ही लिहिलंय. ती दारू अ‍ॅबसिंथ. 1840 च्या आसपास अल्जीरियात फ्रेंच सैनिकांना तापावर उपाय म्हणून वर्मवुडचा अर्क देत होते, घरी परतताना ते त्याची चटक घेऊन आले. मग फ्रान्समधल्या द्राक्षबागांना कीड लागून वाईन महागली आणि ही हिरवी दारू सगळ्यांच्या टेबलावर आली, संध्याकाळच्या पाचाला तर 'हिरवी वेळ' म्हणायला लागले. 1905 साली स्वित्झर्लंडमधे एका मजुरानं नशेत बायकोला आणि दोन मुलींना गोळ्या घातल्या. त्यानं दिवसभरात ढीगभर वाईन, वर ब्रँडी प्यायली होती, पण सगळ्यांनी बोट दाखवलं ते दोन ग्लास अ‍ॅबसिंथकडं. स्वित्झर्लंडमधे 1910 ला बंदी आली, फ्रान्समधे 1915 ला. पुढं शंभर वर्षांनी जुन्या बाटल्या उघडून तपासल्या तेव्हा त्यात थुजोन, म्हणजे वर्मवुडमधलं ते बदनाम द्रव्य, वेड लावण्याइतकं काही सापडलं नाही. माणसं बिघडली ती मुख्यतः दारूनं. बंदी स्वित्झर्लंडनं 2005 ला उठवली, आणि आज युरोपात अशा दारूत किलोला 35 मिलिग्रॅम थुजोन एवढी मर्यादा घातलेली आहे. म्हणजे बंदी होती म्हणून विष, हे जसंच्या तसं पकडून चालत नाही. युरोपात तर अजूनही भूक लागायला आणि अपचनाला थोड्या दिवसांसाठी वर्मवुडचा हलका चहा घ्यायची रीत मान्य आहे, पण मोठ्या माणसांसाठी, दोन आठवड्यांच्या आत, 18 च्या खालच्यांना नाही, गरोदर बाईला नाही, लिव्हरचा किंवा पित्तनळीचा त्रास असणाऱ्याला नाही.

धोका आहे तो मात्रेत आणि माणसात. थुजोन मेंदूतला ब्रेक ढिला करतं, जास्त झालं की आकडी येते. एरवी धडधाकट माणसाला हलका चहा चालून जाईल कदाचित, पण मामांना फिटची गोळी चालू आहे म्हणजे त्यांच्या मेंदूला तो ब्रेक आधीच नाजूक आहे, त्यांना भूक वाढवायला हे देणं म्हणजे चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून घराला काडी लावणं. त्यांची भूक का गेलीय ते त्यांच्या डॉक्टरांना विचारायला पाहिजे, कधी कधी गोळ्यांनीच जाते, कधी दातांनी, कधी नुसत्या एकटेपणानं. आणि अर्काची, तेलाची गोष्ट तर आणखी वेगळी. 1997 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक केस छापली, 31 वर्षांच्या एका माणसानं इंटरनेटवरनं वर्मवुडचं तेल मागवलं, अ‍ॅबसिंथ समजून थोडं प्यायला, त्याला झटके आले आणि मूत्रपिंडं बंद पडली. वाचला तो. लक्षात घ्या, 1997, तेव्हा आपल्याकडं नेट म्हणजे सायबर कॅफे पण धड नव्हते, आणि तेव्हापासनं ही ऑनलाईन बाटल्यांची भानगड चालू आहे. तुमच्या बाटलीवर नुसतं 'अर्क' लिहिलंय, किती तीव्र, कुठल्या जातीचा, कशात काढलेला, काही नाही असं तुम्ही लिहिलंय. असले थेंब बऱ्याचदा अल्कोहोलमधे काढतात, तेही लेकराला नको. आणखी एक, ही सगळी शेवंती-झेंडूच्या घराण्यातली झाडं, गाजर गवत पण त्यातलंच, आणि कोल्हापुरात गाजर गवतानं अंगाला खाज येणारी माणसं काय कमी आहेत? त्यांना याची पण अ‍ॅलर्जी येऊ शकते.

रीलमधे ते दाखवतात ना, बाटली घेतल्यावर एवढे लांब जंत पडले म्हणून, त्यातलं बरंचसं आतड्यातला शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि न पचलेला चोथा असतो. इसबगोल घेतलं तरी असं पडतं. बघणाऱ्याला किळस येते आणि किळस आली की माणूस ऑर्डर करतो.

आता पोरीचं. झोपेत दात खाणं म्हणजे जंत, हे आपण सगळे ऐकत मोठे झालो, पण या वयात बरीच पोरं दात खातात, जंत नसताना पण, झोप, ताण, दात पडण्या-येण्याचं वय, कारणं बरीच. जंताचा जास्त भरवशाचा इशारा म्हणजे रात्री शौचाच्या जागी खाज, त्यानं झोप मोडणं, ते सूतकृमीचं असतं. माती-खडू खायची ओढ, पांढरेपणा, पोटात दुखणं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शौचाची तपासणी आणि हिमोग्लोबिन एवढं करून घ्या, वजन-उंचीच्या तक्त्यावर बसवून बघा, बारीक म्हणजे आजारी असंच नसतं, आमच्या घरात सगळे बांबूसारखे आहेत. आणि जंताचं औषध तर शाळेतच मिळतं ओ, सरकार 2015 पासनं फेब्रुवारीत 10 तारखेच्या आसपास आणि बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमधे परत, 1 ते 19 वर्षांच्या पोरांना अल्बेंडाझोलची चघळायची 400 मिलिग्रॅमची गोळी देतं, अगदी लहानग्यांना अर्धी. तुमच्या पोरीनं यावर्षी ती खाल्लीय का आणि गिळली की वर्गात बेंचखाली टाकली, हे आधी विचारा. सूतकृमी निघाली तर घरातल्या सगळ्यांना एकदम औषध आणि दोन आठवड्यांनी परत, ते डॉक्टर सांगतील, नखं कापणं आणि चादरी-चड्ड्या गरम पाण्यात धुणं पण तेवढंच महत्त्वाचं, नाहीतर अंडी नखातनं परत पोटात जातात.

आत्तींशी मात्र कडूवरनं भांडू नका. त्यांचा अनुभव फुकटचा नाही, कारल्याची भाजी, मेथी, पाडव्याचा कडुनिंब, दुधात वावडिंग उकळून देणं, यातलं रोजच्या ताटातलं जे आहे ते राहू दे, डॉक्टरांना वावडिंगाचं पण विचारा आणि ते आत्तींच्या समोर विचारा. त्यांना सोबत न्या. डॉक्टर सुनेला सांगतात आणि सून घरी येऊन सांगते त्यात तुमचा आवाज वर जातो आणि त्यांचा मान खाली. त्यांनी स्वतः ऐकलं की घरी येऊन आत्तीच शेजारणीला सांगतील की डॉक्टरांनी काय काय सांगितलं.

आता खोटं बोलल्याचं. घाबरून बोललात, लेकरासाठी बोललात, मी काही न्यायाधीश नाही. पण ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं झालंय ते, कारण बाटली फुटली म्हटल्यावर मिस्टरांना ऐकू आलं ते 'नवीन आण' एवढंच, तुमची भीती ऐकूच आली नाही. आणि पीठ संपलं की आत्ती डबा हलवणार. तुम्ही लिहिलंय की जास्त शिकल्यासारखं करतेय का. मला वाटतं तुम्ही कमी बोललात, शिकण्याचा काय दोष नाही. मिस्टर वाईट माणूस नाहीत, पोरगी वाळतेय म्हणून त्यांना काहीतरी करायचं होतं आणि रात्री अकरा वाजता मोबाईलनं त्यांना काहीतरी करायला दिलं. जेवणं झाल्यावर, पोरगी झोपल्यावर, बाटली पुढ्यात ठेवा आणि सरळ सांगा, अहो, फुटली नव्हती, मी घाबरले होते. मग दवण्याचं, नोबेलचं सांगा, पण शेवटी मामांच्या गोळीचं सांगा, कारण माझा अंदाज आहे त्यांनी ते दोन जोडून बघितलेलंच नसणार. चिडले तर चिडू द्या थोडा वेळ.

दुसरी बाटली अजून पोचली नसेल तर ऑर्डर आजच कॅन्सल करायला सांगा. आणि पहिली ओतून टाकू नका, झाकण घट्ट लावून पोरीच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा, डॉक्टरकडं जाताना तीच पिशवीत घ्या, लेबल दाखवायला लागेल. चुकून एखाद-दोन दिवस थेंब पोटात गेले असतील तर तेही सांगा, किती आणि कधी.